सेवेचे तास वहीत भरायचे की मोहल्ल्यात?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कॉलेजांत सुरू आहे. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा साधा हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिटही मिळू लागले. पण क्रेडिट आले की सहीची घाईही येते. एक रॅली, एक फोटो, झाले तास!

उलट २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले, तेव्हा चिखल उपसायला आपली पोरंही धावली. त्या मेहनतीचे तास कोणी मोजले? खिदमत आपल्याकडे आहे, नोंद नाही, असे आम्हाला वाटते.

आणि मुली? शिबिराचे नाव निघाले की घरात प्रश्न येतो, "सात दिवस राहणार कुठे?" काळजी रास्त आहे. मग कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. मुक्काम, जेवण, सोबत शिक्षिका कोण, सगळे विचारा. न विचारताच नकार मात्र देऊ नका.

मोहल्ल्यात कामे पडलीच आहेत: शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखल्यांतील नावदुरुस्ती, रक्तदान. हीच कामे कॉलेजकडे लेखी मांडा, मंजुरी मागा. तास पोरांचे भरतील, अडलेली कामे आपल्या शेजाऱ्यांची होतील.