तळ्याचा काठ आणि तुतवाराचा फोटो



गळीत हंगामाच्या धामधुमीत पक्ष्यांचे काय घेऊन बसलात, असे काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. पण ज्या तळ्यांविषयी लिहायचे आहे त्यांचे उसाशी जुने नाते आहे. चंद्रपूर-भंडारा भागात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले, आणि धानाबरोबर ऊस हे या मंडळींचे आवडीचे पीक. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हापासून हे 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तलाव दोन्हीकडे राहिले.

धानाला पाणी सुटले की तलाव ओसरतो आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्याच पट्ट्यावर तुतवार, शेकाट्ये, चिखल्ये उतरतात. यातले बरेचसे थेट सैबेरियाकडून येतात. आपण त्यांना 'चिखलातली पाखरं' म्हणून मोकळे होतो.

ओळख मात्र अवघड नाही. पोट पांढरे, ती पांढरी पट्टी खांद्यापुढे वर चढलेली आणि शेपूट सारखी खालीवर, तो साधा तुतवार. पाय पिवळसर, पाठीवर ठिपके, भुवई डोळ्यामागे लांब गेलेली, तो ठिपकेवाला. पाठ काळपट, आणि उडाला की पंखाखालून जवळजवळ काळा दिसतो, तो हिरवा तुतवार. हा गडी घरटे झाडावर, दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात करतो! म्हणून फोटोत पाय, भुवई, पंख आले पाहिजेत. ऊन पाठीशी घ्यावे, बांधाआड खाली बसावे, गप्प राहावे. पाखरू आपणहून जवळ येते. खडा मारून उडवायचे आणि मग फोटो काढायचा, हा शुद्ध आडदांडपणा.

त्याहून वाईट म्हणजे घरट्याचे फोटो. वैनगंगेसारख्या नदीच्या वाळूत मार्च ते मे या दिवसांत छोटी आर्ली, नदी टिटवी, कंठेरी चिखल्या उघड्यावर अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची. आपण तिथे उभे राहिलो की आईबाप दूर पळतात आणि वैशाखाच्या उन्हात अंडी भाजून निघतात. फोटो चांगला येतो, पिल्लू येत नाही. माझे स्पष्ट मत आहे, घरट्याचा फोटो कोणीच काढू नये, आणि कोणी काढलाच तर आपण वाहवा करू नये.

आता खरी अडचण. गाळ काढताना यंत्राने तलावाचा काठ उभा कापला जातो. पाणी वाढते हे खरे, गाळ निघालाच पाहिजे. पण उभ्या काठावर तुतवाराला पाय टेकायला जागा नसते. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचेही तेच. एका बाजूला थोडा उतार ठेवला तर काय बिघडते? गुरांनाही पाण्यावर जाता येते. पण काठ गेल्यावर 'इथे पाखरे होतीच कुठे' असे कोणी म्हणाले, तर दाखवायला आपल्याकडे काय आहे? तारीख आणि तळ्याचे नाव लिहिलेला साधा फोटो अशा वेळी कामाला येतो, मग तो अंधुक का असेना.

नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' पाहावा. आपल्या कार्यक्षेत्रातल्या बंधाऱ्यांवरचे, तळ्यांवरचे फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी मागे गाव, तारीख आणि गावात त्या पाखराला काय म्हणतात ते लिहून पत्रिकेकडे द्यावेत.