आधी पूरपट्टा मोजा, मग भिंत बांधा

कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोसले. दर पुरानंतर घोषणा त्याच होतात: संरक्षक भिंत, गाळउपसा, नदीचे खोलीकरण. या कामांना पैसा लवकर मिळतो, कारण ती डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे भूमिपूजन करता येते. आपल्या गावापाशी पाणी नेमके कुठून चढते, कुठवर पसरते आणि कोणत्या वाटेने ओसरते, याच्या बारकाईच्या अभ्यासाला तसा वाली नाही. तो झालाच तर अहवाल मंत्रालयात जातो, ग्रामसभेत येत नाही. नदीकाठचे पहिले सरकारी काम हा अभ्यासच असला पाहिजे, तो सार्वजनिक पैशातून व्हावा, आणि तो लोकांसमोर मांडल्याशिवाय काठावरच्या एकाही मोठ्या कामाची निविदा निघू नये, असे माझे ठाम मत आहे.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; तिथे २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेले आणि २०२१ मध्ये त्याच्या खालीच राहिले. पन्नासेक किलोमीटरवरच्या दोन शहरांसाठी मोठा पूर वेगवेगळ्या वर्षीचा ठरतो. पाऊस कोणत्या धरणाच्या पाणलोटात पडला, विसर्ग कधी सुटला, हरिपूरच्या संगमापाशी वारणेचे पाणी कृष्णेला किती तुंबवते, नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असताना पंचगंगा किती मागे रेटली जाते, यावर सगळे ठरते. शहराच्या आतही एक आकडा सर्वांना लागू पडत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी येण्याआधीच सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरच्या घरांत पाणी असते. पाणी बऱ्याच ठिकाणी ओतांमधून, म्हणजे पूर्वापार खोलगट वाटांमधून, आत येते आणि त्याच वाटांवर भराव टाकून बांधकामे झाली आहेत. या वाटा न मोजता काठावर भिंत उभी केली, तर बाजूने येणारे पाणी थांबणार नाही आणि शहरात पडलेल्या पावसाला नदीकडे जायलाही जागा उरणार नाही.

नदीच्या वळणावर हे आणखी ठळक दिसते. बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठाला गाळ साचतो. खचणाऱ्या काठाला गॅबियनची, म्हणजे जाळीत दगड भरलेली भिंत घातली की प्रवाहाचा जोर खालच्या किंवा पलीकडच्या काठावर जातो, आणि एका गावाची जमीन वाचवताना दुसऱ्या गावाची मळी वाहून जाऊ शकते. भिंत कुठे घालावी आणि कुठे नदीला पसरू द्यावे, हे नदीचा तो सगळा पट्टा एकत्र मोजल्यावरच सांगता येते. नुसत्या पूररेषा आखूनही भागत नाही. पुण्यात मुठेची बांधकामबंदीची निळी रेषा ६० हजार आणि निर्बंधांची लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. तरी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटताच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरले. घरे रेषेच्या आत उभी राहिली, की पात्रच आक्रसले, आणि कशाचा वाटा किती, याचे उत्तर आजचे पात्र मोजूनच मिळेल. जुना नकाशा त्याला उपयोगाचा नाही.

अशा मोजणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप चिपळूण शहरातल्या लोकांनी घेतला आहे. जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर त्यांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले आणि निळ्या-लाल रेषांनाही विरोध केला. रेषा आली की बांधकाम परवाना अडतो, घराची किंमत पडते, बँक कर्ज देत नाही. ही भीती खरी आहे. पिढ्यान् पिढ्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला एका नकाशाने अपराधी ठरवणे अन्याय आहे. म्हणूनच अभ्यास बंदीच्या हुकमापुरता राहता कामा नये. त्यासोबत घर उंचावायला अनुदान, हलायचे ठरवल्यास योग्य मोबदला आणि जुन्या वस्तीसाठी वेगळे नियम हवेत. केंद्राने १९७५ मध्ये पूरपट्टा नियमनाच्या कायद्याचा नमुना मसुदा राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड यांनी कायदे केले. महाराष्ट्र अजून परिपत्रकांवर चालतो. परिपत्रकात बंदी लिहिता येते, भरपाईचा हक्क लिहिता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की अभ्यास धूळ खात पडतात. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने मे २०२० मध्ये अहवाल दिला, कर्नाटकातले अलमट्टी धरण हे त्या महापुराचे मुख्य कारण नसल्याचे सांगितले आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. तरी पाणी चढू लागले की वाद अलमट्टीवरच येऊन थांबतो. अहवाल लोकांच्या हातात नसला की असेच होते. गावाला जाडजूड ग्रंथ नको, एक साधा तक्ता पुरे: पुलापाशी इतके फूट, तर कोणती गल्ली पाण्याखाली आणि गावाबाहेर जाणारा रस्ता कितव्या फुटाला बंद. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जीव गेले. रस्ता उघडा असतानाच निघायची वेळ कोणती, हे अशा तक्त्यातून गावाला आधी कळते.

अभ्यास पुरा होण्याआधीच पूर आला तर, हा प्रश्न उरतो. गटारे मोकळी करणे, बोटी दुरुस्त ठेवणे, ओतांतले नवे भराव थांबवणे यासाठी अहवालाची वाट पाहायचे कारण नाही; थांबायचे ते कायमच्या बांधकामांसाठी. पुराचे पाणी मराठवाड्याकडे वळवणे आणि पूरनियंत्रण यासाठी जागतिक बँकेच्या कर्जासह सुमारे ३,२०० कोटींचा कार्यक्रम राज्याने हाती घेतला आहे. त्यातला ठरावीक वाटा गावनिहाय मोजणीसाठी राखून ठेवावा. मोजणीची पहिली तारीख पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्याची असावी. भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा दिवाळीच्या रंगरंगोटीत पुसल्या जातात, म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि गावातल्या शाळेच्या शिक्षकांनी त्या त्याआधीच घरोघर मोजून नोंदवाव्यात.