प्रवासाची शिदोरी : पैठणच्या अत्तरवाल्याचा खांब

दिवाळीची सुटी जवळ आली कीं, घरोघरीं सहलींचीं पत्रकें जमूं लागतात आणि रात्रीच्या पंक्तींत त्यांवर चर्चा सुरू होते. अलीकडे या पत्रकांत बौद्ध डोंगराळ मुलुखांना मोठें स्थान मिळालें आहे. लडाख, सिक्कीम, भूतान. बरोबर माहितगार गाईड. सकाळीं एक मठ, दुपारीं दुसरा. ज्यांना प्रकृति आणि पैसा या दोहोंची अनुकूलता आहे त्यांनीं अवश्य जावें. परंतु आपलाहि एक बौद्ध डोंगराळ मुलुख आहे, तो हाताशीं आहे, आणि तेथील दगडांवर आपल्याच गांवच्या माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, हें त्या मुलुखाचें नाकें होय. शहरालगतच्या डोंगरांतच बौद्ध लेणीं आहेत. कन्नडच्या बाजूस सुमारें ८० किलोमीटरांवर पितळखोरा आहे, तर दुसऱ्या अंगास सुमारें १०० किलोमीटरांवर अजिंठा. वेरूळच्या रांगेंतील पहिलीं बारा लेणींहि बौद्धच. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत येथें छिन्नी पडूं लागली आणि मधले मोठे खंड सोडले तर सातव्या शतकापर्यंत, वेरुळास त्याहिपुढें, ती पडत राहिली.

हा मुलुख पाहण्याची रूढ पद्धत दोन दिवसांची आहे. एका दिवशीं वेरूळ, दौलताबाद, मकबरा आणि पाणचक्की; दुसऱ्या दिवशीं अजिंठा. एवढ्या घाईंत गाईड तरी काय सांगणार? तो राजे सांगतो, राजकन्या सांगतो, आणि १८१९ सालीं शिकारीस आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला दरीच्या पलीकडून लेण्याची कमान कशी दिसली तें सांगतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून एक चित्र दाखवितात, तें पाहून बायकामंडळी हळहळतात. वास्तविक ती स्त्री मरत नाहीं. ती बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. पति भिक्षु झाला आणि त्याचा मुकुट सेवकानें परत आणला, तो पाहून ती खचली आहे. अश्वघोषाचें ‘सौंदरनंद’ ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं वाचलें असेल त्यांनीं तेथें उभें राहून मुलांना ही कथा सांगावी. गाईडचीहि त्यास हरकत नसते. आम्ही गाईडांना दोष देत नाहीं. जो प्रश्न कोणी विचारीतच नाहीं, त्याचें उत्तर त्यानें कां पाठ करावें?

तो प्रश्न असा, कीं हें करविलें कोणीं? आपण धरून चालतों कीं राजांनीं. आजीकडून ऐकलेलें असतें कीं पांडवांनीं, तेंहि एका रात्रींत. नाशिकच्या लेण्यांना तर पांडवलेणीं हेंच नांव चिकटलें आहे. खरें उत्तर दगडांवर ब्राह्मी लिपींत लिहिलेलें आहे, आणि तें पाहावयाचें तर आरंभ पितळखोऱ्यापासून करावा.

पितळखोऱ्यास गर्दी नसते. गौताळ्याच्या रानाच्या अंगानें जावें लागतें आणि शेवटीं पायऱ्यांनीं खोल दरींत उतरावें लागतें. खडक ठिसूळ, पुष्कळ भाग ढासळला आहे. पण विहाराच्या जोत्याशीं हत्तींची रांग उभी आहे आणि दारावर द्वारपाल आहेत. येथील चैत्यगृहाच्या एका खांबावर लेख आहे. त्याचा आशय इतकाच कीं, हा खांब प्रतिष्ठानच्या मित्रदेवाचें, गंधिकाच्या कुळांतल्याचें, दान. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आपला अत्तरवाला; आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठण. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनीं दिला. कोणीं दिला? ‘मुलांनीं’. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास हा अनेकवचनी कर्ता चटकन् ओळखूं येतो. भावांनीं वर्गणी काढली असेल, कोणाचा वांटा किती यावर दोन दिवस खलहि झाला असेल. दगडावर मात्र सर्वांचें मिळून एकच दान उरलें आहे.

पैठण म्हटलें कीं आपल्या घरांतून नाथांचें नांव निघतें, शास्त्रीपंडितांच्या सभा आठवतात, कपाटांतील ठेवणींतलें लुगडें आठवतें. त्याच पैठणच्या व्यापाऱ्यांनीं, नाथांच्या आधीं दीड हजारांहून अधिक वर्षें, या अवघड दरींतल्या भिक्षूंसाठीं खांब दिले. संपूर्ण लेणें देण्याची ऐपत नव्हती, म्हणून एक खांब. देवळाच्या फरशीवर आजहि नांवें दिसतात, त्यांतलाच हा प्रकार.

शेजारच्या विहारांत एका राजवैद्याचें कुटुंब भेटतें. त्याचें नांव मगिल. त्याचें स्वतःचें दान आहे, दत्तक नांवाच्या मुलाचें आहे आणि दत्ता नांवाच्या मुलीचेंहि आहे. मुलीचें दान बापाच्या दानांत बुडविलेलें नाहीं. तिचें नांव स्वतंत्र कोरलें आहे, ही गोष्ट घरांतील लेकीबाळींना मुद्दाम दाखवावी. मगिल स्वतःस वात्सीपुत्र म्हणवितो, म्हणजे वत्स गोत्रांतील मातेचा पुत्र. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचें दर्शनी अंग देणारा कटहादि असाच वासिष्ठीपुत्र आहे. सातवाहन राजे गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणवीत हें आपण शाळेंत शिकतों. पण वैद्याच्या घरींहि आईच्या गोत्रानें ओळख देण्याची चाल होती हें लेण्यांत गेल्यावर कळतें. येथून निघालेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती करणाऱ्याचेंहि नांव होतें: कान्हदास, धंद्यानें सोनार. ही मूर्ति आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

अजिंठ्यास पोंचल्यावर देणारे बदलतात. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाकाटक राजा हरिषेण याच्या काळीं येथें पुन्हां काम निघालें. सोळावें लेणें त्याचा प्रधान वराहदेव यानें करविलें. या प्रधानाचा दुसरा लेख जवळच्या घटोत्कच लेण्यांत आहे. त्यांत तो आपलें घराणें वल्लूर येथील ब्राह्मणांपासून सांगतो. वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांच्या लेखांचें जें संपादन केलें त्यांत हें सारें सविस्तर आलें आहे. ब्राह्मणकुळाचा अभिमान सांगणारा प्रधान बुद्धाच्या भिक्षूंना विहार देतो, आणि एका हातानें दुसऱ्या हाताचा नाश होतो असें त्याला वाटत नाहीं. ‘तें बौद्धांचें आहे’ एवढें म्हणून पुढें जाणारीं मंडळी आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांनीं येथें जरा थांबावें.

सतराव्या लेण्याचा लेख आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. हें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिकानें दिलें. त्याचा धाकटा भाऊ अकालीं वारला. त्या दुःखानें सर्व अनित्य आहे हें त्याला उमगलें आणि तो दानधर्माकडे वळला, असा लेखाचा भाव आहे. लेख झिजला आहे. देणाऱ्याच्या नांवाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. भावाच्या नांवाविषयीं नाहींत. त्याचें नांव रविसांब. थोरल्या भावाचें नांव दगडानें धड राखलें नाहीं आणि ज्याच्यासाठीं तो रडला त्याचें राखलें. आंत गेल्यावर विश्वंतराची कथा, सिंहलावदान, दारावरचे सात बुद्ध आणि मैत्रेय, हें सर्व गाईड उत्तम दाखवितो. पण भावाची गोष्ट बाहेर, ओसरीच्या भिंतीवर आहे, आणि ती आधीं ऐकून आंत गेलें तर चित्रें निराळीं दिसतात.

सव्विसाव्या लेण्यांत महापरिनिर्वाणाची सुमारें सात मीटर लांबीची मूर्ति आहे. तें लेणें बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूनें करविलें. अश्मक देशाचा मंत्री भव्विराज हा आपला अनेक जन्मांचा स्नेही, त्याच्या आणि आपल्या मातापितरांच्या नांवें. संन्यस्तासहि आईबाप सुटले नाहींत असें दिसतें.

शहरालगतचीं लेणीं आम्ही शेवटीं ठेवतों. मकबऱ्याच्या मागें डोंगरांत तीं आहेत आणि मकबरा पाहून माघारीं फिरणारीं कुटुंबें तीं हटकून चुकवितात. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यांत बुद्धमूर्तीपुढें दोन्हीं बाजूंस स्त्रीपुरुष गुडघे टेकून, हात जोडून बसले आहेत. अंगावर दागिने, तऱ्हेतऱ्हेचे केशबंध, चेहरे एकाग्र. आतांपर्यंत ज्यांचीं नांवें पाहिलीं तशींच हीं माणसें असावींत; येथें लेखाऐवजीं तींच बसलीं आहेत. सातव्या लेण्याच्या दाराशीं अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोहों बाजूंस त्याचा धांवा करणारे लोक: आग, शत्रूची तलवार, बेड्या, फुटलेलें जहाज, सिंह, सर्प, मत्त हत्ती आणि मृत्यु. अत्तरवाला माल घेऊन निघाला म्हणजे घरच्यांच्या मनांत जीं भयें येत तींच हीं.

हीं लेणीं केवळ पाहण्याचीं नाहींत हें ध्यानांत असावें. डॉ. आंबेडकरांनीं १९५० सालीं याच शहरांत महाविद्यालय काढलें. तें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध आहे. १९५६ च्या दसऱ्यास नागपुरांत धर्मांतर झालें. तेव्हांपासून ज्यांच्या घरीं बुद्धवंदना होते तीं कुटुंबें दसऱ्यास या डोंगराच्या पायथ्याशीं मोठ्या संख्येनें जमतात. आपण देवळांत जसे वागतों तसें येथें वागावें. मूर्तीच्या मांडीवर मूल बसवून छायाचित्र काढण्याची हौस आंवरावी.

आतां व्यवस्थेचें. तीन दिवस धरावेत. पहिल्या सकाळीं शहरालगतचीं लेणीं, दुसरा दिवस पूर्ण पितळखोऱ्यास, तिसरा अजिंठ्यास. वेरुळास जावयाचें तर चौथा. पितळखोऱ्यास घरची शिदोरी व पाणी बरोबर न्यावें. गुडघेदुखीच्या मंडळींनीं दरींत उतरूं नये, आणि पावसाळ्यांत कोणींच घाई करूं नये. अजिंठ्यास गाड्या सुमारें चार किलोमीटर अलीकडेच थांबवितात, पुढें तेथल्या बसनें जावें लागतें. वृद्धांसाठीं डोली मिळते. चित्रांपुढें फ्लॅश लावण्यास मनाई आहे. गाईड ठरवितांना भाड्याआधीं एकच विचारावें, कीं सतराव्या लेण्यांतला लेख दाखवाल काय? अजिंठा सोमवारीं बंद असतो आणि वेरूळ मंगळवारीं.