चाकाचे गाऱ्हाणे

गाडी नवी असते तेव्हा नव्या सुनेसारखी मुकाट्याने वावरते. पंधरा वर्षे संसार झाला की तिला कंठ फुटतो. कुठे दुखते हे ती बोट ठेवून सांगत नाही, पण सांगते खास. आणि आपण गृहस्थ काय करतो? गाण्यांचा आवाज वाढवतो!

दिवाळीत आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाहुणे उतरले की वेरूळची फेरी ठरलेलीच. गाडीत माणसे दाटीने बसलेली, मांडीवर चकल्यांचा डबा, आणि वाट दौलताबादच्या वेशीतून घाट चढून खुलताबादकडे जाणारी. तीसेक किलोमीटरचाच प्रवास. पण भरल्या गाडीने, चढ-उताराचा आणि वळणांचा. तेव्हा निघण्याआधी चार दिवस पुढच्या चाकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे बरे.

आवाजांच्या जाती ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. गतिरोधकावरून जाताना 'कुंई' झाले, तर बहुधा रबरी बुश सुकले आहेत. खड्ड्यात 'खट्‌' वाजले, तर बॉल जॉइंट किंवा एखादा बुश ढिला झाला असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना 'कट्‌कट्‌' ऐकू आले आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली, तर संशय अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या सांध्यावर घ्यावा.

बेअरिंगचे गाऱ्हाणे निराळे. ते जात्यासारखे घरघरते. वेग वाढला की घरघर वाढते, आणि क्लच दाबून इंजिन मंद केले तरी थांबत नाही. सिडकोतल्या एखाद्या रुंद रस्त्यावर रविवारी सकाळी, रहदारी नसताना, गाडी हळुवार डावीकडे-उजवीकडे झुकवून पाहावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो; तेव्हा घरघर वाढली, तर बहुधा उजवे बेअरिंग गेले.

वळणावरच का, त्यालाही इतिहास आहे. घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन या अमेरिकन कारागिराने पाहिले, की वळताना चाक आडवे रेटले जाते आणि साध्या बेअरिंगला तो रेटा सोसत नाही. त्याने निमुळत्या रुळांचे बेअरिंग काढले. १८९८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. अनेक जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत हीच जात असते.

पण घरघर करणारे सगळेच बेअरिंग नसते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना एका गॅरेजवाल्याने दोन्ही बेअरिंगे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि आणखी कितीतरी वस्तूंची यादी दिली. निम्मे पेन्शन त्यातच गेले असते. मी म्हटले, "मास्तर, आधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहू." तसे केले, तर घरघर टायरांबरोबर मागे गेली! टायरच वेडेवाकडे झिजले होते. दोन टायर आणि चाकांची अलाइनमेंट, एवढ्यावर काम भागले.

तेवढ्याने भागले नाही, तर गाडी सपाट जागी उभी करून जॅकवर घ्यावी. मागच्या चाकांना अडण आणि गाडीखाली भक्कम स्टँड हवाच. विटांचा भरवसा नको. चाक वर आणि खाली धरून हलवावे. प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटसारख्या सांध्याचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलले, तर टाय रॉडचे टोक तपासावे. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. वाळू भरडल्यासारखे बोटांना लागले, की शंका उरत नाही.

निमुळते बेअरिंग चांगले असेल, तर साफ करून, नवे ग्रीस भरून, नट बेताने बसवता येतो. फार आवळला तर तापून जळते, आणि पिन दरवेळी नवी घालावी. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८००सारख्या गाडीत मात्र बेअरिंग प्रेसने गच्च बसवलेले असते, ते बदलायचेच.

आणि चालढकल करू नये. झिजलेले बेअरिंग तापते, चाक डगमगते, आणि अखेरीस ते जाम होते किंवा निखळते. त्या वेळी गाडीत आपलीच मुलेबाळे असतात.

गॅरेजात जाताना नुसते "आवाज येतो" म्हणू नका. कोणत्या बाजूने, किती वेगाला, कोणत्या वळणावर, ब्रेक दाबल्यावर काय होते, हे चार ओळींत कागदावर लिहून न्या. चांगला मेकॅनिक असा कागद पाहून खूश होतो. दुसऱ्या प्रकारचा जरा जपून बोलू लागतो. दोन्हींत फायदा आपलाच. दिवाळी सुखाची जावो, आणि वेरूळची फेरीही!