मोटरहोम घ्याल हो, पण मुक्काम कुठे?

आमच्या टीमला सध्या एकच खूळ लागलंय. मोटरहोम! लंचला बसलं की कुणीतरी मोबाईल पुढे करतो: टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग, शेगडी, फ्रिज, इवलासा संडास. भाड्याने घ्यायची, वाटेतली जुनी गावं बघायची आणि रात्री डोंगरात 'कुठेतरी' थांबायचं. कल्पना झकासच आहे. पण मी चिंचपाड्याचा, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. म्हणजे यांच्या त्या 'कुठेतरी'तलाच :) त्यामुळे मला आधी गाडी दिसत नाही, मुक्काम दिसतो.

साधा हिशोब करा. टाकीत समजा शंभर लिटर पाणी. चार माणसं, आंघोळ, भांडी... दोन दिवस पुरलं तरी डोक्यावरून पाणी. मग ते भरायचं कुठे? आणि संडासाची टाकी रिकामी कुठे करायची? जाहिरातीत धुकं असतं, ही टाकी कधीच नसते.

जर्मनीत ऑनसाइट असताना रोथेनबुर्गला गेलो होतो. जुनं तटबंदीचं गाव, आत बोळकंडी. मोटरहोमवाल्यांसाठी तटाबाहेर वेगळा तळ आहे. थोडे पैसे भरा, पाणी घ्या, घाण ठरलेल्या जागी ओता आणि गावात पायी जा. गावालाही त्रास नाही. तिकडची मजा गाडीत कमी आणि या तळांत जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

आपल्याकडे हे नवीन आहे का? कॅरव्हॅन हा शब्दच मुळात फारसी, आपला 'कारवाँ'. आणि आमच्या दारावरचा सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता तर कारवाँचाच. 1615 मध्ये इंग्रज वकील थॉमस रो नंदुरबारवरून गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए नवापुरात थांबला आणि तिथल्या बारीक, कस्तुरीच्या वासाच्या तांदळाचं कौतुक लिहून गेला. त्या काळी बैलाला पाणी आणि माणसाला पाठ टेकायला जागा कुठे आहे, यावरून दिवसाचा पल्ला ठरायचा. आपण आधी गाडी ठरवतो. असो.

आता आमच्या टीमचा बेत बघा. चिंचपाडा, विसरवाडी, नंदुरबार, मग तापीकाठचं प्रकाशा, शहादा आणि वर तोरणमाळ. रस्ता सुंदर आहे, वाद नाही. प्रकाशाची देवळं बघाच. पण तोरणमाळचा घाट वळणावळणाचा. तिथे हे धूड चढवायचं कशाला? आणि वर यशवंत तलावाकाठी उभं करून सांडपाणी सोडणार कुठे? सातपुड्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन हातपंपाशी रांगेत उभ्या असतात. त्या रांगेत शंभर लिटरची टाकी घेऊन उभं राहायची हिंमत आहे कुणात?

2021 मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कचीही तरतूद आहे. माझं म्हणणं इतकंच की क्रम उलटा करा. आधी तळ, मग गाड्या. एक चिंचपाड्याजवळ हायवेला, एक प्रकाशाला, एक तोरणमाळच्या पायथ्याशी. फार काही नको: नळ, दिवा, स्वच्छ संडास, टाकी ओतायला पक्की सोय. गाडी पायथ्याला ठेवा, वर गावातल्याच जीपने जा. भाडं ग्रामपंचायतीला, जेवण बचत गटाकडे. भाकरी आणि नवापूरची तूरडाळ खाल्लीत तर तो फ्रिज उघडणार नाही तुम्ही. शिवाय आमच्या हायवेला रात्रंदिवस ट्रक चालतात. त्या ड्रायव्हर लोकांना असा नळ-संडास मोटरहोमवाल्यांपेक्षा जास्त लागतो, आणि त्यांच्यासाठी कुणी ब्रोशर छापत नाही.

मित्र म्हणतात, "अरे, कुठेही थांबता येणं हीच तर मजा!" ठीक आहे राव. पण 'कुठेही' म्हणजे कुणाच्या तरी शेताचा बांध असतो.

डिसेंबरचा बेत पक्का होतोय म्हणून काकूला फोन केला. म्हणाली, "लावा की अंगणात गाडी, विहिरीला पाणी आहे. पण त्या संडासाच्या टाकीचं काय करणार, ते आधी सांग."

टीमला विचारलंय. अजून उत्तर नाही :)