चौथ्या रकान्यातील माणसे

मॉरिशस बेटावर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे ऐकून कोकणातील माणसाची छाती फुगावी, हे स्वाभाविकच आहे. रत्नागिरी-सावंतवाडीच्या मुलखातून गिरमिटावर गेलेल्या आमच्या बांधवांनी परमुलखात गणपती राखला, जाखडी राखली, कास्कावेलसारख्या गावी मराठीपण राखले. साहेबाच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावेच आडनावे म्हणून चढली, तरी ती नावे आपली आहेत हे नातवंडे विसरली नाहीत. २०२३ साली तेथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. आमच्याकडील वृत्तपत्रांत मॉरिशसचे नाव येते ते बहुधा अशाच निमित्ताने. परंतु त्या बेटावर आणखीही माणसे राहतात, आणि त्यांचा विषय निघाला की आमची लेखणी आखडते. आज त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

ब्रिटिशांनी १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपविली. त्यापोटी वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई देण्यात आली. मात्र ती मिळाली मळेवाल्यांना, गुलामांना नव्हे! आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या, पिढ्यान्पिढ्या राबलेल्या माणसांच्या हाती काहीही पडले नाही. त्यांनी ऊसमळ्यांकडे पाठ फिरविली आणि किनाऱ्याची, मासेमारीची, गोदीकामाची वाट धरली. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून मजूर आले. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरात उतरली. महिना पाच रुपये मजुरी आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तो करार होता. आमच्या लोकांनी हाल सोसले, यात शंका नाही. पण करार, मग तो कितीही जाचक असो, संपतो. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकावयास काढले तेव्हा पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या पैशांतून ते विकत घेणारे हिंदी शेतकरी उभे राहिले. जमिनीमागून शाळा आली, शाळेमागून सरकारी नोकरी आणि नोकरीमागून सत्ता. क्रिओल समाजाच्या पायाखाली ही पहिली पायरीच नव्हती.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याआधीच्या वर्षी झालेल्या निवडणुकीत सुमारे चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षास पडली होती, ती मुख्यतः हिंदूंच्या वर्चस्वाच्या भीतीने. ही भीती शमावी म्हणून राज्यघटनेत एक विलक्षण तरतूद करण्यात आली. निवडून आलेल्या बासष्ट सभासदांखेरीज आणखी आठ जागा पराभूत उमेदवारांपैकी ज्यांचा समाज कमी पडला असेल त्यांना द्यावयाच्या. त्यासाठी समाज चार ठरले : हिंदू, मुसलमान, चिनी, आणि चौथा ‘सर्वसाधारण लोक’. हा चौथा समाज कोणाचा? ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिन्हींपैकी कोणातही मोडत नाही असे दिसेल, त्याचा. म्हणजे वजाबाकी करून उरेल तो! गुलामांचे वंशज आणि त्या गुलामांच्या फ्रेंच मालकांचे वंशज एकाच रकान्यात बसविण्याची किमया कायद्याच्या कारकुनी बुद्धीलाच साधावी.

पुढे १९८२ साली समाजवार शिरगणतीच बंद करण्यात आली. परिणामी आठ जागांची वाटणी आजही १९७२ च्या आकड्यांवर चालते. त्या वेळी जन्मलेले मूल आज पन्नाशी ओलांडून गेले आहे. आपला समाज कोणता हे लिहून देण्यास नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा काहींनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली आणि २०१२ साली समितीने त्यांचे म्हणणे मान्य केले. २०१४ च्या निवडणुकीपुरती घोषणेची सक्ती उठविण्यात आली. २०१८ साली ही पद्धत मोडण्याचे विधेयक आले. तीन-चतुर्थांश बहुमत जमणार नाही असे दिसताच ते बाजूला पडले.

ही पद्धत उद्याच मोडीत काढा असे आम्ही म्हणत नाही. तेथील मुसलमान समाजाला तिचा आधार वाटतो आणि त्यांची भीती काल्पनिक नाही. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल-मुसलमान दंगल इतकी पेटली की ब्रिटिश फौज आणावी लागली होती. मतांच्या प्रमाणात जागा देण्यासारखी दुसरी व्यवस्था आधी ठरली पाहिजे. पण ‘उरलेले’ म्हणून माणसांची गणना करणे, याला तरी कोणती अल्पसंख्याकांची सोय म्हणावयाचे?

२१ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘काया’ या नावाने गाणारा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला. गुलामांच्या वस्त्यांतील सेगा आणि जमैकाची रेगे यांचा मिलाफ करून त्याने नवी गायकी रूढ केली होती. गांजावरील बंदी सैल करावी अशी मागणी करणाऱ्या एका जलशानंतर त्याला अटक झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर काही दिवस बेट जळत राहिले. पोलीस दल बहुतांशी हिंदू. तेव्हा पोलिसांवरचा राग हिंदूंवर वळावयास वेळ लागला नाही. आजवरच्या पंतप्रधानांत पॉल बेरांजे (२००३ ते २००५) सोडले तर बाकी सारे हिंदू आहेत, हेही लक्षात घेतले म्हणजे त्या रागाचे मूळ सापडते.

मराठी माणसाचे स्थान या चित्रात मोठे चमत्कारिक आहे. तो लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. हिंदूंच्या रकान्यात मोजला जातो, पण पंतप्रधानपद फिरते ते भोजपुरी मुलखातून आलेल्या मोजक्या घराण्यांत. बहुसंख्याकांतील अल्पसंख्य! दुसऱ्याच्या नावाखाली मोजले जाणे म्हणजे काय, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. शिवाय त्याच्या मुलांना सरकारी शाळेत मराठी शिकण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे; पण त्याच्यासह बहुतेकांच्या घरात बोलली जाणारी क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली ती २०१२ साली. गुलामांनी घडविलेल्या भाषेत मराठी आई लेकराला जेवावयास हाक मारते, आणि ती भाषा वर्गात येऊ देण्यास राज्याला चव्वेचाळीस वर्षे लागली. तेथील मराठी मंडळांनी क्रिओलची बाजू उघडपणे घेतली तर मराठीचे काडीचेही नुकसान होणार नाही.

आम्ही किनाऱ्यावरच्यांनी फार मोठ्या आवाजात उपदेश करावा अशी आमची स्थिती नाही, हेही खरे. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले ते गोव्यातही. कारवारच्या घाटमाथ्यावर, यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी त्याच इतिहासाची संतती. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. आणि आमच्यापैकी कितीजण त्यांना शेजारी म्हणून ओळखतात?

महाराष्ट्र-गोव्यातून सांस्कृतिक शिष्टमंडळे मॉरिशसला जात असतात. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरील सोळा पायऱ्यांवर ती नतमस्तक होतात, ते योग्यच आहे. त्याच बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत आश्रय घेत. घाटाला २००६ साली आणि या डोंगराला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पुढच्या शिष्टमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत या डोंगराचेही नाव घालावे आणि तेथे न्यावयास एखाद्या क्रिओल शिक्षकास बोलवावे, अशी आमची तेथील मराठी मंडळींना विनंती आहे.