रस्ता बंद आहे, दुकान नाही!



मागच्या व्हिडिओत आपण मंदीचे महिने कसे काढायचे यावर बोललो. त्यात एक मुद्दा राहिला होता. मंदी बाजारात नाहीये, गिऱ्हाईकाच्या खिशात पैसे आहेत, पण तुमच्या दुकानासमोर चार फूट खड्डा आहे. मग काय करायचं?

हा प्रश्न आज एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. मुंबईत २०२३ पासून दोन टप्प्यांत सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. २०२५ मध्ये तर खणलेले रस्ते ३१ मेच्या आत वापरण्याजोगे करा, अशी मुदतच घालावी लागली होती. बाकीच्या शहरांतही कुठे काँक्रीट, कुठे डांबर, कुठे ड्रेनेज चालूच असतं. आज ना उद्या पाळी आपल्या गल्लीवर येणारच.

माझं मत आधीच सांगून टाकते. रस्त्याचं काम अडवण्यात किंवा पुढे ढकलण्यात ताकद घालवू नका. ती ताकद तारखा मिळवण्यात घाला, आणि त्या तारखा गल्लीतल्या प्रत्येक घरापर्यंत तुम्ही स्वतः पोचवा. खड्ड्याने धंदा बसतोच. पण त्याहून जास्त तो ‘कधी सुरू, कधी संपणार, कुठून जायचं’ हे कुणालाच माहीत नसल्यामुळे बसतो.

हे शहाणपण मी पुस्तकात वाचलेलं नाही. चूक करून शिकलेय.

माझं स्टेशनरीचं दुकान. काही वर्षांपूर्वी आमच्या रस्त्याचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू होणार होतं. माझ्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे वर्षातले सगळ्यात रिकामे महिने. पण शेजारच्या कापडवाल्यांची आणि भांडीवाल्यांची लग्नसराई होती. मीटिंग झाली. ‘संक्रांतीनंतर करा’ असं निवेदन द्यायचं ठरलं. निवेदन लिहिलं कुणी? मीच! बीबीए झालेली, मराठी बरी, म्हणून सगळे म्हणाले, ताई, तुम्हीच लिहा. काम पुढे ढकललं गेलं. आम्ही पेढे वाटले.

कंत्राटदार तोवर दुसऱ्या कामावर गेला. आमच्याकडे उगवला एप्रिलमध्ये. एका बाजूचं काँक्रीट झालं, दुसरी बाजू खणली आणि पाऊस आला. शाळा उघडायच्या दिवसांत, म्हणजे माझ्या वर्षभराच्या कमाईच्या तीन आठवड्यांत, दुकानासमोर चिखलाचं तळं. वह्यांचे गठ्ठे उधारीवर उचललेले. त्या जूनचा गल्ला आदल्या वर्षीच्या निम्मासुद्धा नव्हता. समोरच्या इमारतीतल्या एक आजी फळीवरून घसरल्या, मनगट मोडलं. नंतर भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, “तुम्हीच पुढे ढकलायला लावलं होतं ना गं?” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

दोन वर्षांनी दुकानाच्या बाजूच्या गल्लीचं काम निघालं. त्या वेळी आम्ही निवेदन दिलं नाही. पाच प्रश्न घेऊन अभियंत्यांकडे गेलो. तेच प्रश्न तुम्हाला देतेय.

पहिला प्रश्न, काम काँक्रीटचं की डांबराचं? यावर सगळं गणित ठरतं. डांबराचा थर थंड झाला की साधारण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू होतात. काँक्रीटचं तसं नसतं. काँक्रीट ‘सुकत’ नाही, सिमेंट आणि पाण्याची क्रिया होऊन ते घट्ट होत जातं. म्हणून त्यावर ओली पोती अंथरतात किंवा छोटे बांध घालून पाणी साठवतात. त्याच्या ताकदीची नेहमीची चाचणी २८ दिवसांची असते. लोकांना वाटतं, रस्ता झालाय, कामगार दिसत नाहीत, मग बॅरिकेड कशाला? आणि कुणीतरी ते सरकवून बाईक घालतो. मित्रांनो, तो रस्ता तुमच्याच दारातला आहे. कच्च्या काँक्रीटवर चाक गेलं की त्याची खूण पुढची कित्येक वर्षं तुम्हीच बघणार.

दुसरा प्रश्न, एका वेळी किती लांबी आणि किती रुंदी खणणार? अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर, हे जमत असेल तर उत्तमच. गल्ली अरुंद असेल तर नाही जमत. तरी पायी जायला पट्टा हवाच. ही मागणी लेखी करा. गाडीवरचं गिऱ्हाईक काही दिवस तुटेल, पण पायी येणारं तुटता कामा नये.

तिसरा प्रश्न सगळे विसरतात. नव्या रस्त्याची पातळी कुठे येणार? जुना थर न काढता वर थर चढवत गेले की रस्ता वर आणि दुकान खाली. मग पहिल्या जोरदार पावसात पाणी थेट गोडाऊनमध्ये. काम सुरू व्हायच्या आधी अभियंत्यांना विचारून शटरशेजारी भिंतीवर रंगाने खूण करा आणि तिचा फोटो काढा. काँक्रीट पडल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

चौथा प्रश्न, खालच्या लाइन आधी होणार का? पाणी, ड्रेनेज, गॅस, केबल. तुमच्या इमारतीचं नळकनेक्शन जुनं, गंजलेलं असेल तर परवानगी काढून ते आत्ताच बदला. नंतर नवा रस्ता फोडायचा म्हणजे परवानगी, खर्च आणि शेजाऱ्यांच्या शिव्या.

पाचवा, साइटवर जबाबदार माणूस कोण आणि त्याचा फोन नंबर काय? काम काय, सुरू कधी, संपणार कधी, अभियंता कोण, असा फलक दोन्ही टोकांना लागलाच पाहिजे. लागला नसेल तर तो मागा. हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आता ही माहिती मिळाली, पुढे काय? बीबीएला ‘स्टेकहोल्डर’ नावाचा शब्द घोकला होता. त्याचा अर्थ मला त्या दुसऱ्या वेळी कळला. आपण व्यापारी समजतो की रस्ता आपला. पण त्याच रस्त्यावर वरच्या मजल्यावरचे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. कुणाकडे पाण्याचा टँकर येतो, कुणाची स्कूलबस येते. गॅसचं सिलिंडर येतं, घंटागाडी येते.

आम्ही एका पानाची सूचना काढली आणि घरोघरी वाटली. काम अमुक तारखेपासून, गाड्या आदल्या रात्री बाहेर काढा, पार्किंग या मैदानालगत. घंटागाडी आणि स्कूलबस या कोपऱ्यावर थांबेल. रात्री-अपरात्री १०८ला फोन करावा लागला तर ॲम्ब्युलन्सला कुठल्या टोकाला बोलवायचं आणि तिथून पेशंटला आणायला कोण पळणार, ही चार पोरांची नावंसुद्धा लिहिली. खाली एक ओळ टाकली, ‘रस्ता बंद आहे, दुकानं चालू आहेत. फोन करा, घरपोच देऊ.’

त्या एका पानाने जे केलं ते कुठल्याच जाहिरातीने केलं नसतं. लोक दुकानात येऊन विचारायला लागले, “ताई, उद्या आमच्या गेटसमोर खणणार का?” विचारायला आलेला माणूस जाताना पेन तरी घेतोच! पण गंमत सोडा. माहिती ज्याच्याकडे असते त्याच्यावर विश्वास बसतो, आणि दुकान शेवटी विश्वासावरच चालतं.

दुकानाच्या आतली तयारीही सांगते. दोन महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळा काढून ठेवा. होलसेलरकडे उधारीची मुदत काम सुरू होण्याआधी मागा. अडकल्यावर मागितली की तो घाबरतो. जड माल आधीच भरा, पण मंदीचा अंदाज धरून, दुप्पट नाही. टेम्पो कोपऱ्यापर्यंतच येईल, तिथून आत आणायला हातगाडीवाला आधीच ठरवा. काचेचं शोकेस प्लास्टिकने झाका, धूळ खूप बसते. आणि शटर वेळेवर उघडा. दोनदा बंद दिसलं की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, “हे सगळं आम्हीच का करायचं? नोटीस देणं, बोर्ड लावणं हे पालिकेचं काम नाही का?” आहे. शंभर टक्के आहे. ते नीट होत नसेल तर लेखी तक्रार करा, माहिती अधिकारात कामाचा आदेश आणि मुदत मागा, दोषदायित्वाचा कालावधी किती ते विचारून ठेवा. या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी. पण भरपाईच्या भरवशावर दुकान बंद करून बसू नका. समोरच्याने त्याचं काम केलं नाही म्हणून होणारं नुकसान त्याच्या खात्यातून जात नाही, तुमच्या गल्ल्यातून जातं. आणि त्या आजींच्या मनगटातून.

बाजूच्या गल्लीचं ते काम ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा संपलं. धूळ होती, गिऱ्हाईक कमी होतं, दोनदा पाण्याची लाइन फुटली. खोटं कशाला सांगू, त्रास झालाच. पण पाऊस येण्याआधी रस्ता झाला आणि जूनमध्ये माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

तुमच्या गल्लीत काम यायचं असेल तर या आठवड्यात एकच करा. हे पाच प्रश्न कागदावर लिहा आणि शेजारच्या दोन दुकानदारांना आणि समोरच्या सोसायटीच्या एका माणसाला घेऊन अभियंत्यांना भेटा. एकटे जाऊ नका. व्यापारी एकटे गेले की ती तक्रार वाटते, रहिवासी बरोबर असले की ती गल्लीची मागणी होते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर शटर वर ठेवा!